बारा मिनिटांचा धूर

खडकसरात कोण कोणाच्या छातीत राहतं, हे २०३८ सालच्या गुढीपाडव्याला सगळ्यांना कळलं. त्यानंतर पंधरा दिवस शहरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

पाडव्याच्या सकाळी 'वायुवेध' सुरू झालं. फोन उघडला की शहराचा नकाशा, नकाशात आपलं घर, आणि घरावर बोट ठेवलं की आपण आज नाकावाटे आत घेतलेली धूळ कुठून कुठून आली त्याची वाटणी. रस्त्याची धूळ इतके टक्के, डिझेल इतके टक्के, आणि सगळ्यात खाली, लोकांना जिची खरी गोडी लागली ती, शेजाऱ्यांची यादी. शिक्षक कॉलनीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी श्रीखंड-पुरी जेवायच्या आधीच समोरच्या बंगल्याची बेल वाजवली आणि "तुमच्या धुपाचे चार टक्के माझ्या फुप्फुसात आहेत" असं सांगून आले. समोरच्यांनी संध्याकाळी येऊन मुख्याध्यापकांच्या जुन्या स्कूटरचे सहा टक्के त्यांच्या पदरात घातले. मिरच्यांच्या खमंग फोडणीवरून एक ठरलेली सोयरीक मोडली. हवा स्वच्छ व्हावी असं कोणाच्याच मनात नव्हतं. घाण दुसऱ्याची आहे हे सिद्ध झालं की पुरे होतं, आणि या कामात खडकसरकरांचा हात कोणी धरला नसता.

वैजयंता हणबरला या लोकांची कीव येत नव्हती, किळस येत होती. नगरपालिकेच्या हवा-प्रयोगशाळेत ती सहायक होती. अठरा वर्षं उन्हातान्हात गच्च्यांवर चढून ती गाळणकागद बदलत होती. पांढरा कागद लावायचा, दुसऱ्या दिवशी काळा झालेला काढायचा. शहर काय जाळतं हे तिला कुठल्याही नकाशाच्या आधी त्या कागदाच्या रंगावरून कळे. तिच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती, गच्चीवर चढणारी आणि खाली पंख्याखाली बसून आलेख काढणारी. दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलताना तिचा वरचा ओठ आपोआप वर जाई. ज्यांच्या घरातून धूर निघतो त्या माणसांचा प्रकार तिने कधी धरलाच नव्हता.

वायुवेधचा मात्र तिला अभिमान होता. त्यात तिचा हात होता.

कल्पना साधी होती. प्रत्येक धुराला त्याच्या जळणाची खूण चिकटलेली असते. लाकूड जळलं की धुरात पोटॅशियम येतं, फटाका उडाला की बेरियम, आणि पॉलिएस्टरचं सूत जळलं की अँटिमनी नावाचा धातू, कारण ते सूत बनतानाच तो त्यात चिमूटभर राहून गेलेला असतो. हे शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं माहीत होतं. नवं होतं ते यंत्र. चार गच्च्यांवर बसवलेल्या पेट्या हवेतला एकेक कण पकडून लेसरने फोडत आणि तो कशाचा बनलाय ते क्षणात वाचत. विजेच्या खांबांवरचे दोन हजार संवेदक वारा कुठे कसा वळला ते सांगत. मग गणित तो वारा उलटा चालवून कणाला आल्या वाटेने माघारी नेई.

पण वारा फक्त गल्लीपर्यंत पोचवत असे. त्या गल्लीत पाच ठिकाणी धूर निघत असेल, तर त्यातला दोषी कोण? त्यासाठी नमुने होते. शहरातल्या त्रेचाळीस प्रकारच्या धुरांचे, प्रत्यक्ष जागेवर जाऊन, प्रत्येकी दोन तास पंप चालवून घेतलेले. हवेतला कण ज्या नमुन्याशी जुळेल त्याच्या दारावर टिंब पडे. सगळा डोलारा त्या त्रेचाळीस कागदांवर उभा होता, आणि त्रेचाळीसही पत्रकांवर सही होती वैजयंता हणबरची. ज्या दाराची एकवीस दिवसांची सरासरी लाल येईल त्या दाराला सील, असा ठराव पालिकेने टाळ्यांच्या गजरात केला होता.

तिसऱ्याच दिवशी लाल टिंब पडलं ते सूतगिरणीमागच्या गल्लीत, 'शालन भाकरी केंद्रा'वर.

शालन ही वैजयंताची थोरली नणंद. नवरा गेल्यावर तिने चार चुली मांडल्या होत्या, आणि आता पाच बाया मिळून मागावरच्या कामगारांना भाकऱ्या पुरवत. नवव्या दिवशी वैजयंता तिथे गेली तेव्हा शालन परातीसमोरून उठलीसुद्धा नाही.

"वैजू, ह्ये लाल कसलं गं?"

"तुमच्या चुलींचं, वन्सं."

"चुली काय आज पेटल्यात व्हय? पंचवीस वर्सं जाळतोय मी."

"पंचवीस वर्षं कोणी मोजत नव्हतं."

शालनने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मागच्या भिंतीकडे मान केली. भिंतीपलीकडे रावसाहेब मुधाळ्यांची साइझिंग होती, म्हणजे सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लावायचा कारखाना. त्याच्या बॉयलरचं धुराडं शालनच्या पत्र्यावरून दिसे.

"त्येचं धुराडं दिसंना व्हय तुज्या मिशीनीला? माजी दोरीवरची लुगडी काळी हुत्यात."

"मुधाळे गॅसवर चालवतात. नमुना मी स्वतः घेतलाय. यंत्राला नाती कळत नाहीत, वन्सं." एवढं बोलून वैजयंताने पिशवीतून विजेच्या शेगडीचं माहितीपत्रक काढून परातीशेजारी ठेवलं. दिवसाला सहाशे भाकऱ्या करणाऱ्या बाईपुढे दोन माणसांच्या शेगडीचं पत्रक. शालनने ते बघितलं आणि पिठाचा डबा त्यावर ठेवला.

घरी नवऱ्याने, संपतने, एवढंच म्हटलं, "ताईचं कायतरी बघ." संपत मागाचा जॉबर होता, बिघडलेला माग दुरुस्त करणारा. बोलणं त्याला जमत नसे.

"तुमच्या ताईला चिंध्या आणि शेणकुटं सोडायला सांगा," वैजयंता म्हणाली. "दोन हजार अडतीस साल चालू आहे म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून संपतने तिचा डबा न्यायचं बंद केलं. दुपारी तो बहिणीकडे जेवू लागला. वैजयंताने त्यावरही नाक मुरडलं.

सतराव्या दिवशी सीलची पूर्वसूचना चिकटवायला तिलाच पाठवलं. दारावर कागद चिकटत होता तोवर शालन आतून बाहेर आली. कपाळावर अजून गुलाल होता.

"पुनवंला जोतिबाला गेलतो. पाचीजणी. दोन दिस चुली गार हुत्या. मग तुज्या मिशीनीनं कुणाचा धूर मोजला?"

वैजयंताने फोन काढला. दोन्ही दिवस दार लाल होतं. तिने मागचे दिवस बघितले. दर गुरुवारी टिंब फिकट होत होतं. गुरुवारी शालनच्या चुली रोजच्यासारख्या धडधडत, कारण खाणारी तोंडं तीच असत. बंद असत ते माग. आणि साइझिंग.

तेवढ्यात आत एका बाईने संध्याकाळसाठी चूल पेटवायला घेतली. रॉकेल मिळायचं बंद होऊन किती वर्षं झाली होती. खडकसरात चूल पेटवतात ती मागावरच्या चिंध्यांनी. फुकट मिळतात, काडी लावली की भुर्रकन पेटतात. बाईने मूठभर चिंध्या लाकडांखाली सारल्या, काडी ओढली, आणि काळाकुट्ट धूर पत्र्यापर्यंत गेला. आठ-दहा मिनिटांत चिंध्या संपल्या, लाकडांनी पेट घेतला, आणि धूर विरळ, पांढरट झाला. पॉलिएस्टरच्या चिंध्या होत्या त्या. या शहरात दुसऱ्या कसल्या असणार?

वैजयंता दारात कागदामागच्या चिकटपट्टीचा बोळा घेऊन उभी राहिली आणि तिला पौषातला तो दिवस आठवला.

डॉ. कौस्तुभ टिळेकर पुण्याहून आले होते. वायुवेधचं सगळं गणित त्यांचं. त्यांना 'प्रातिनिधिक चूल' हवी होती. वैजयंताने त्यांना शालनकडे नेलं. जवळ होतं, आणि जेवणाचीही सोय होती. पत्रक ऑफिसातच भरून झालं होतं, सुरुवात अकरा, शेवट एक. पत्रकं अशीच भरत. गच्चीवर वाऱ्यात कागद उडतात, म्हणून आधी भरून ठेवायची पद्धत तिच्याही आधीपासूनची. शालनने चूल पेटवली, पंप सुरू झाला, आणि साहेबांना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "एवढ्यात काय ते कळत नाही का हो?"

तेव्हा वैजयंता जे म्हणाली ते तिला आता शब्दन् शब्द ऐकू आलं. "चूल ती चूल, सर. तिच्यात दोन तास बघण्यासारखं काय असतंय?"

तिने पंप बंद केला. बारा मिनिटं झाली होती. शालनने पिठलं-भाकरी वाढली, ठेचा वाढला, आग्रह केला. टिळेकरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "चुलीवरची चव काही वेगळीच." त्या बारा मिनिटांत कागदावर उतरलं होतं ते चिंध्यांचं अँटिमनी. शहराच्या सगळ्या चुलींचा नमुना म्हणून तेच यंत्रात गेलं.

आणि मुधाळ्यांकडे? तिथे आदल्या दिवशी फोन करून गेले होते. तिथे गॅस चालू होता, काजू होते आणि नळी इतकी नवी होती की तिच्यावरचा कागद अजून निघाला नव्हता. एरवी तो बॉयलर काय खातो हे गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. सुताचा वाया गेलेला गुंता, चिंध्या, पॉलिएस्टरचे गठ्ठेच्या गठ्ठे. यंत्राने त्या धुरात अँटिमनी ओळखलं, गल्ली बरोबर ओळखली, आणि तिने दिलेल्या नमुन्याशी ताडून प्रामाणिकपणे शालनच्या दारावर बोट ठेवलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. बोलली होती ती.

ती तशीच टिळेकरांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकताना ते पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते.

"पत्रकावर दोन तास लिहिलंय."

"लिहिलंय सर. चालवला बारा मिनिटं. तुम्ही होता तिथं."

"मला एवढं स्मरत नाही." टिळेकर हसले. "आणि सही माझी नाहीये. हे बघा, नमुना बदलता येतो. फक्त आधीचा खोटा होता आणि तो कोणी खोटा लिहिला हे लेखी द्यावं लागेल. ते नियमाप्रमाणे नकाशावर जाहीर होईल. मग उरलेल्या बेचाळीस पत्रकांचं काय, असं लोक विचारतील. तुमची नोकरी तर जाईलच." टोपण टक्कन लागलं. "चार चुलींसाठी? त्यांना गॅस घ्यायला सांगा ना. सोपं आहे."

माणूस किती हलका असू शकतो हे तिने त्या खोलीत बघितलं. ठसका याला लागला होता, भाकऱ्या याने खाल्ल्या होत्या, आणि आठवत मात्र काही नव्हतं. तिला त्याच्या टेबलावर थुंकावंसं वाटलं. पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की अठरा वर्षं वर गेलेला तो ओठ आता वर जात नव्हता. 'चूल ती चूल' हे टिळेकर नव्हते म्हणाले. खालच्या पंख्याखाली बसून आलेख काढणाऱ्यापेक्षाही ती खाली होती, कारण तिला धूर कळत होता.

दोन दिवस ती लिहायची आणि फाडायची. विसाव्या दिवशी सकाळी तिने कागद दिला. 'नमुना क्रमांक सतरा मी बारा मिनिटं घेतला व पत्रकावर दोन तास लिहिले. इतर पत्रकांतल्या वेळाही आधी लिहिलेल्या आहेत.' साहेबांचं नाव तिने घातलं नाही. त्यांच्यावर खापर फोडलं असतं तर तिचं थोडं हलकं झालं असतं, आणि तेवढं हलकं तिला व्हायचं नव्हतं.

कागद आवक-क्रमांकासह नोंदला गेल्यावर टिळेकरांना गत्यंतर उरलं नाही. सील दुसऱ्या दिवशी दुपारी लागणार होतं. त्याच्या आत नवा नमुना, त्याच चुलीचा.

शालनच्या दारात पंप उतरवून तिने सगळं सांगितलं. पाची बाया ऐकत होत्या. शालनचा चेहरा हलला नाही.

"म्हंजी तू माज्या घरात बसून माजं जेवलीस," शालन म्हणाली, "आणि दारातनं बाहीर पडताना माज्या चुलीवर खोटं लिवून नेलंस."

"हो."

"आणि वर मलाच पत्रक दिलंस शेगडीचं."

"हो, वन्सं."

"वन्सं म्हणू नगा. बसा, म्याडम. कुठं बसायचं ते तुमास्नी ठावं हाय."

वैजयंता पंपापाशी जमिनीवर बसली. शालनने नेहमीसारख्या चिंध्या सारल्या, नेहमीसारखी काडी लावली. काळा धूर आला, वैजयंताच्या तोंडावरून गेला. दहा मिनिटांनी तो विरला आणि लाकूड लागलं. मग भाकऱ्या सुरू झाल्या. थाप, तवा, पाण्याचा हात, उलटणं, निखाऱ्यावर फुगवणं. कोणी तिच्याशी बोललं नाही. पाणीही विचारलं नाही. या घरात ती आजवर कधी पाण्याशिवाय बसली नव्हती. तिचे डोळे वाहत होते आणि ते धुरानेच वाहत आहेत असं कोणाला वाटलं असतं तरी तिची हरकत नव्हती. शालन मधून मधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे, भाकरी उलटे, पुन्हा बघे.

शेवटी वैजयंताचा हात पंपाच्या बटणाकडे गेला. शालनने पिठाच्या हाताने तिचं मनगट धरलं.

"एक मिनिट ऱ्हायलंय."

ते मिनिट दोघी तशाच थांबल्या. मग शालनने हात सोडला, आणि वैजयंताने पत्रकावर वेळ लिहिली. अठरा वर्षांत जागेवर लिहिलेली पहिली वेळ. मनगटावर पिठाचे चार वळ होते, ते तिने संध्याकाळपर्यंत धुतले नाहीत.

नव्या नमुन्यात पोटॅशियमच पोटॅशियम होतं, अँटिमनी नावाला. गणित पुन्हा चाललं, गल्लीतलं अँटिमनी चुलीशी जुळेना, आणि दुसरं मोठं धुराडं एकच म्हणून लाल टिंब भिंत ओलांडून वीस फूट पलीकडे गेलं. पण तिथल्या खऱ्या जळणाला जुळेल असा नमुनाच यंत्रात नव्हता, म्हणून झक मारत मुधाळ्यांकडे पुन्हा जावं लागलं, या वेळी फोन न करता. शालनच्या दारावरचा कागद निघाला. वैजयंताच्या नावाचा लागला. नकाशावर डाव्या कोपऱ्यात, 'नमुना १७ सदोष : वै. हणबर, सेवेतून कमी'. त्यावर बोट ठेवायला सगळ्या शहराला वेळ होता. शिक्षक कॉलनीतले मुख्याध्यापक म्हणाले, की त्यांना पहिल्यापासून संशय होता.

मुधाळ्यांच्या बॉयलरला तीन दिवस सील होतं. चौथ्या दिवशी त्यांनी खराखुरा गॅस घेतला, आणि पाच जूनला, पर्यावरणदिनी, 'हरित उद्योजक' म्हणून त्यांचाच सत्कार ठरला. स्वच्छ हवा समितीचे अध्यक्षही तेच होते, त्यामुळे सत्कार कोणाचा करायचा यावर फारसा वाद झाला नाही. जेवणाची ऑर्डर शालनकडे आली. चुलीवरच्याच भाकऱ्या हव्यात, असं चिठ्ठीत खास लिहिलं होतं.

तोवर वैजयंता महिनाभर शालनकडे भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं नव्हतं, शालनने बोलावलं नव्हतं. एका सकाळी ती येऊन परातीपाशी बसली, एवढंच. शालन तिला कामाचं सांगे, आणि प्रत्येक वेळी 'म्याडम' म्हणे. म्याडम, पीठ चाळा. म्याडम, तुमची भाकरी चिरली. संपत तिथेच जेवत असे आणि खाली मान घालून ऐकत असे.

सभागृहात पंगत बसली तेव्हा वाढायला वैजयंताच होती. पहिल्या रांगेत मुधाळे, त्यांच्या गळ्यात हार, शेजारी टिळेकर. भाषणात टिळेकरांनी 'यंत्रणेची स्वतःला सुधारण्याची क्षमता' यावर वीस मिनिटं घेतली होती. तिने त्यांच्या पानात भाकरी टाकली. त्यांनी मान वर केली नाही. पदर खोचलेल्या, पिठाच्या हाताच्या बाईकडे मान वर करून बघायचं कारणही नव्हतं. त्यांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, आणि मुधाळ्यांकडे वळून म्हणाले, "काही म्हणा रावसाहेब, चुलीवरची चव काही वेगळीच."

"बारा मिनिटांत न्हाई कळत ती, सर," वैजयंता म्हणाली. "दोन तास बसाय लागतंय."

ती ऑफिसात कधी अशा घरच्या बोलीत बोलत नसे. टिळेकरांचा तुकडा हातातच राहिला. त्यांनी आता वर बघितलं, ओळखलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पौषातला ठसका आल्यासारखं झालं. मुधाळे हाराशी चाळा करू लागले. वैजयंता पुढच्या पानाकडे न जाता तिथेच उभी राहिली.

मागे आमटीच्या पातेल्यापाशी शालन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पळी पातेल्यावर दोनदा आपटून तिने हाक मारली.

"वैजू, आमटी घिऊन जा. सायबाच्या घशात भाकरी आडकली बघ."